नक्कल वरच्या मजल्यावर

“काम खाली, नक्कल वर. आणि रोज संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी वर जाऊन बघायचं, डब्याचा हिरवा दिवा लागलाय ना. बघितल्याशिवाय ताटावर बसायचं नाही.”

बाबांनी हे सांगितलं तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते आणि आवाज अगदी बारीक झाला होता. तरी त्या शेवटच्या ‘नाही’वर त्यांनी दिलेला जोर थोरलीच्या कानात अजून तसाच होता. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात थोरली एकदाही दिवा न बघता जेवली नव्हती. अंगात ताप असताना कठड्याला धरून जिना चढली होती. दिवा बघायचा, क्षणभर डोळे मिटायचे, आणि भिंतीवर टांगलेल्या वहीत त्या तारखेपुढे बरोबरची खूण करायची. धाकटी म्हणायची, आमच्या ताईने देवाला वरच्या मजल्यावर एक शेजारी आणून दिलाय.

बाबांचा धंदा बुटांचा, पण साध्या बुटांचा नव्हे. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जमवून घेत नाहीत अशा माणसांसाठी ते बूट करायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाची बोटंच नाहीत. बाबांमागे दोघी बहिणींनी ते काम उचललं. घर वर, काम खाली. खालच्या मागच्या खोलीत शिवण, चामडं, डिंकाचा वास आणि तळवे घासायचं यंत्र. पुढच्या खोलीत माप. तिथे जमिनीत काचेची एक पाटी बसवलेली होती. तिच्यावर पाय ठेवला की खालून आणि बाजूंनी कॅमेरे फिरायचे आणि पायाचे सगळे उंचवटे, खळगे कॉम्प्युटरात उतरायचे. त्याआधी बाबा हातानेच माप घेत असत. एकदा खालच्या मजल्यावर पाण्याची मोठी नळी फुटली आणि तीस वर्षांची कागदी मापं कपाटातल्या कपाटात लगदा होऊन गेली. तेव्हापासून त्यांनी धास्ती घेतली. कॉम्प्युटर आला तो खाली बसला, पण त्याची नक्कल ठेवणारा काळा डबा वर, झोपायच्या खोलीत राउटरशेजारी. मध्ये तार नाही, काही नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला दिवसभराची मापं आपोआप, वायफायवरून, हवेतूनच वर जायची. दुरुस्तीवाले काका त्याला बॅकअप म्हणत. बाबांनी मरेपर्यंत नक्कलच म्हटलं.

बाबांची आणखी एक रीत होती. ते गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नसत. नावं एकासारखी एक असतात, पाय नसतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जुन्या वहीत आणि पुढे कॉम्प्युटरातही माणसं कामावरून नोंदलेली: बेकरीवाली, शिडीवरचा रंगारी, गायनाच्या बाई, दोन पोरांचा माळी. दोघी बहिणींनी ती रीत मोडली नाही.

तर त्या गुरुवारी सकाळी टपालबाईंचा जोड कापायला घ्यायचा होता.

टपालबाई म्हणजे टपाल वाटणाऱ्या बाई, आता निवृत्त झालेल्या. पस्तीस वर्षं पत्रं वाटत फिरल्या आणि निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात स्वतःच्याच घराच्या पायऱ्यांवरून पडल्या. डावा पाय साडेतीन बोटं आखूड झाला. त्यांचं घर टेकडीवरच्या वस्तीत, रस्ता संपतो तिथून वर एक्क्याण्णव पायऱ्या. गाडी जात नाही, खुर्ची उचलून न्यावी इतकी रुंदी नाही. मापाला यायचं म्हणून त्या एकेका पायरीवर बसत, सरकत, पुन्हा बसत खाली आल्या होत्या. दोन शेजारणी मागे-पुढे. परत जाताना तशाच चढल्या, पाठमोऱ्या. इथे येऊन पोचल्या तेव्हा त्यांच्या साडीची मागची बाजू विरून गेली होती आणि त्या हसत होत्या. म्हणाल्या, “इतकी वर्षं लोकांच्या दारात मी गेले, आता माझ्या पायाला तुमच्या दारात यावं लागलं.”

थोरलीने त्यांचे दोन्ही पाय काचेवर ठेवले, माप घेतलं, आणि मग त्यांच्यासमोर जमिनीवर बसून त्यांची चप्पल चढवताना ती एकच वाक्य बोलली होती. “आता तुम्हाला पुन्हा उतरायला लागणार नाही. पुढच्या वेळी उतराल ते बूट घालून, उभ्याने. हा माझा शब्द.”

थोरली शब्द फार देत नसे. दिला की तो रोज सकाळच्या प्रार्थनेत तिच्यासोबत असायचा.

गुरुवारी सकाळी धाकटीने टपालबाईंचं माप उघडायला घेतलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं. मग कॉम्प्युटरच्या पेटीच्या आतून आवाज आला: टक्. थोडं थांबून पुन्हा टक्, टक्. कुणी तरी आत नखाने ठोकून बघावं तसा. धाकटीने ताईला हाक मारली. दोघी टेबलापाशी उभ्या राहून ऐकत राहिल्या.

दुरुस्तीवाले काका बहिणीचं घर हलवायला परगावी गेले होते, उद्या संध्याकाळी येणार होते. धाकटीने फोन लावून पेटीजवळ धरला. काकांनी आवाज ऐकला आणि त्यांची नेहमीची बडबड थांबली. म्हणाले, डिस्क मरायला टेकलीये. आज चालेल, उद्या चालेल, तासाभरात बसेल, काही सांगता येत नाही. काहीही उघडू नका, मशीन बंद करू नका, बंद केलंत तर पुन्हा सुरू होईल याची हमी नाही. टेबल हलवू नका, ते घासायचं यंत्र आज अजिबात लावू नका. मग विचारलं, शेवटची नक्कल कधीची?

“कालची,” थोरली म्हणाली. “रोजची आहे. वहीत खूण आहे.”

“वहीत नका बघू वहिनी, डब्यात बघा.”

काका लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्यांनाच वहिनी म्हणत. धाकटीने फोनवरूनच डब्यातली यादी काढली. मग तिने फोन ताईपुढे धरला. सगळ्यात वरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती.

थोरलीने तारीख वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग तशीच जिना चढून वर गेली. डब्याचा दिवा हिरवा होता. काल होता तसा, परवा होता तसा, शांत. शेजारी वही टांगलेली होती आणि वहीत एका खाली एक खुणा होत्या, एकही दिवस न चुकलेल्या.

झालं होतं ते असं. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं इंटरनेट तीन दिवस बंद पडलं होतं. शेजारी केस कापायचं सलून आहे. त्या सलूनदादांनी कळल्याबरोबर आपल्या वायफायचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून आणून दिला, म्हणाले, शेजारधर्म. कॉम्प्युटर तीन दिवस त्यांच्या वायफायवर चालला. चौथ्या दिवशी घरी नवा राउटर आला. धाकटीने वर बसून डबा जोडला, दोघींचे फोन जोडले आणि जिन्यातून ओरडून विचारलं, खाली लागलं का गं? थोरलीने पडद्याच्या कोपऱ्यातली पंख्यासारखी खूण बघितली, ती भरलेली होती, आणि तिने सांगितलं, लागलं. लागलेलं होतंच, पण ते सलूनदादांचं. इंटरनेट मिळत होतं, ऑर्डरी येत होत्या, कुणाला काही कमी वाटलं नाही. रोज साडेसहाला कॉम्प्युटर डबा शोधत होता. डबा वर दुसऱ्याच वायफायवर बसलेला, त्याला सापडत नव्हता. डब्याचा हिरवा दिवा इतकंच सांगत होता की डबा जागा आहे. मापं त्याच्यापर्यंत आली की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

धाकटी आधी स्वतःवर चिडली, मग काकांवर, मग त्या पंख्याच्या खुणेवर. थोरली कुणावर चिडली नाही. ती पायरीवर बसून म्हणाली, “दोनशे चाळीस खुणा केल्या मी. एकदा तरी आत डोकवायचं.”

“बाबांनी दिवा बघायला सांगितलं होतं, तू दिवा बघितलास.”

“मला ते बघायला सोपं पडलं गं.”

आता रडत बसायला वेळ नव्हता. काकांनी फोनवरून एकेक पायरी सांगितली. कॉम्प्युटरला सलूनचं वायफाय सोडायला लावलं, घरचं धरायला लावलं. दुसरा मार्ग नव्हता. मोकळी डिस्क घरात नव्हती, आणि असती तरी पेटीची मागची भोकं चामड्याच्या भुकटीने बुजलेली, पुढचं एक धाकटीच्या पायात वायर अडकून गेल्या वर्षीच तुटलेलं. काका म्हणाले, त्यात काही खुपसायला गेलात तर डिस्क तिथेच मान टाकेल. जायचं तर हवेतूनच.

नक्कल सुरू झाली. आठ महिन्यांत दोनशे अकरा माणसं होऊन गेली होती. पडद्यावर आकडा आला: उरलेला वेळ, एकोणीस तास.

पेटीतून टक् असा आवाज झाला.

एकोणीस तास ही डिस्क निघणार नाही, हे काकांनी न सांगताही कळत होतं. मध्ये जाडजूड छत, छताखाली बाबांनी लावलेली लोखंडी फळी, फळीवर लाकडी टाचांची पोती. त्यातून वायफाय खाली उतरताना अर्धमेलं होत होतं. काका म्हणाले, वायफाय खाली येत नसेल तर तुम्ही त्याला घेऊन या. राउटर आणि डबा दोन्ही उचला, कॉम्प्युटरच्या जितक्या जवळ आणता येतील तितक्या आणा. नक्कल करायला बाहेरचं इंटरनेट लागत नाही, नुसती वीज पुरे. पण वीज द्यायला लांब वायर लागणार होती, आणि घरातली सगळ्यात लांब वायर वरून निघाली की जिन्याच्या वळणापर्यंतच पोचत होती. खालून द्यावी तर मापाच्या खोलीत एकच सॉकेट, त्यात कॉम्प्युटर, आणि ते हलवायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून दोघींनी वळणावर एक स्टूल ठेवलं. स्टुलावर डबा, डब्यावर राउटर. तिथून दारातून समोरच कॉम्प्युटर दिसत होता. धाकटीने सगळं पुन्हा जोडलं. आकडा काही वेळ चाचपडला आणि साडेपाच तासांवर येऊन थांबला.

“बघ,” धाकटी म्हणाली, “वरही नाही, खालीही नाही. बाबांचा शब्द निम्मा तरी राहिला.”

थोरलीला हसू आलं. त्या सकाळचं ते पहिलंच. तिने शाल आणली आणि स्टुलाच्या खालच्या पायरीवर बसली, कुणाचा पाय वायरीत अडकू नये म्हणून. अकरा वाजले होते.

घासायचं यंत्र बंद, शिलाईयंत्र बंद, दारावर ‘आज काम नाही’ची पाटी. इतकी शांतता त्या खोल्यांनी बाबा गेले त्या दिवशीही पाहिली नव्हती. तीच ऐकून सलूनदादा आले, गळ्याभोवती टॉवेल, कानावर कंगवा खोचलेला. त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांना आधी वाईट वाटलं, आपण दिलेल्या चिठ्ठीने घात केला म्हणून. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही उजळलं. आठ महिने ते आपल्या पोरांना, गिऱ्हाइकांना, केस वाळवत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही दरडावत होते की माझ्या वायफायवर एवढं ओझं टाकतंय कोण. “आणि ते तुम्ही,” ते म्हणाले. “म्हणजे मी दाढीला येणाऱ्या त्या बिचाऱ्या मास्तरांना उगीच दुकानात फोन काढू दिला नाही.” धाकटीने त्यांना सांगितलं की मास्तरांची एक दाढी आमच्यातर्फे. मग ते वळणावरचं ते स्टूल लांबूनच बघून, चप्पल हातात घेऊन, पावलं न वाजवता निघून गेले. टेबल हलू नये म्हणून.

पडद्यावर एकेक नाव सरकत होतं. धाकटी खालून वाचायची, थोरली वरून ऐकायची. अंधशाळेचे शिपाई, डावा. अंधशाळेचे शिपाई, उजवा. कोळसेवाली. खिडक्या पुसणारा. प्रत्येकाचा पाय थोरलीला आठवत होता. खिडक्या पुसणाऱ्याच्या टाचेला मध्यभागी खळगा आहे, जणू अंगठा दाबून ठेवलाय. गायनाच्या बाई मापाच्या वेळी श्वास रोखून धरतात. तिच्या मनात नेहमी जपाचे मणी सरकत त्याच गतीने ती माणसं सरकत होती. एखादं नाव गेलं की ती मनातल्या मनात म्हणायची, पोचलात.

एक वाजता टपालबाईंचा फोन आला.

थोरलीने तो जिन्यातच घेतला. टपालबाईंना विशेष काही काम नव्हतं, जोड कापायला घेतला का एवढंच विचारायचं होतं. मग त्यांनी आपलं सांगितलं. रोज खिडकीचे गज धरून उभं राहायचा सराव चाललाय, काल अकरा मिनिटं झाली. शेजारीण घड्याळ घेऊन समोर बसते आणि बारावं मिनिट झालं की झालं म्हणते, पण ती जरा लवकरच म्हणते. बुटांचा रंग काळाच ठेव, पत्रं वाटताना होता तसा. आणि पहिल्यांदा खाली उतरेन तेव्हा तू तिथे असू नकोस हं, मला लाज वाटेल.

“नाही असणार,” थोरली म्हणाली.

“काम चालू आहे ना पोरी?”

थोरलीने स्टुलावरच्या डब्याकडे बघितलं. खोटं तिच्या तोंडून निघालं नसतं आणि खरं अजून तिलाच माहीत नव्हतं. “चालू आहे,” ती म्हणाली. “आज दिवसभर तेच चाललंय.”

फोन ठेवून ती पुन्हा पायरीवर बसली. धाकटीला कळलं. तिने फक्त पडदा थोडा वळवला, ताईला वळणावरून वाचता यावा म्हणून, आणि लगेच काकांचं आठवून हात मागे घेतला.

अडीचच्या सुमाराला यादी टपालबाईंवर आली. टपालबाई, डावा. आणि थांबली.

टक्. टक्, टक्. टक्. आवाजांमधलं अंतर आता कमी झालं. पडद्यावरची पट्टी पुढे सरकेना. धाकटीने ओठ दाताखाली धरले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. थोरली उठून उभी राहिली होती, पण खाली आली नाही. आपल्या चालण्याने जमीन हादरेल अशी तिला भीती. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि देवाजवळ मागायला गेली तर तिच्या लक्षात आलं की काय मागावं तेच नीट जुळत नाहीये. आणखी दोनशे दहा माणसं आहेत, आणि आपण एकीसाठी मागणार. तेवीस मिनिटांनी पट्टी सरकली. टपालबाई, उजवा. मग तोही गेला. मग तबलेवाला, ताक घुसळणारी, थर्मामीटर विकणारे.

“गेल्या गं,” धाकटी म्हणाली. “गेल्या टपालबाई.”

थोरली खाली बसली.

पाच वाजायला काही मिनिटं असताना पट्टी भरली. धाकटीने काकांना फोन लावला. काका रस्त्यावरच होते, मागून सामान चढवणाऱ्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. म्हणाले, शाबास, आता एक शेवटचं करा, डब्यातली यादी उघडा आणि लाल अक्षरांत काही आहे का बघा. डिस्कवर जो भाग वाचताच येत नाही तो कॉम्प्युटर थोडा वेळ वाचायचा प्रयत्न करतो आणि मग सोडून पुढे जातो.

लाल अक्षरांत पाच नावं होती. चार जणांचं काही अडणार नव्हतं. तिघं याच गल्लीतले, एकाचा तर जोड होऊनही गेला होता. पाचवं नाव टपालबाईंचं. दोन्ही पाय.

धाकटीने आशा सोडली नाही. काकांना विचारलं, डिस्क दुकानात नेऊन काढता येईल का. काका म्हणाले, महिन्याभराने कदाचित, आणि आलं तरी पाय सरळ येईल की मोडका, सांगता येत नाही. मग धाकटी ताईला म्हणाली की दोनशे सहा आली, हे काय थोडं आहे. टपालबाईंना सांगू या, समजूतदार बाई आहेत. आपण माणसं लावू, आळीपाळीने त्यांना पाठीवर घेऊन आणतील. एवढ्यात सलूनदादा दारात आलेच होते, त्यांनीही बाह्या सरसावल्या, मी आणि माझी दोन पोरं.

“नको,” थोरली म्हणाली. “त्या उतरणार नाहीत.”

“अगं, पण काच इथे आहे, जमिनीत. ती काही वर नेता येत नाही.”

“काच नाही न्यायची.”

ती मागच्या खोलीत गेली. सगळ्यात खालच्या कप्प्यात बाबांच्या वेळचं सामान होतं: प्लॅस्टरच्या पट्ट्यांची गुंडाळी, दोरी, बोथट सुरी, तपकिरी कागद, आणि पाव-पाव बोट जाडीच्या लाकडी चकत्या. आखूड पायाखाली एकेक चकती सरकवत जायचं, दोन्ही कमरा एका रेषेत येईपर्यंत. मग चकत्या मोजायच्या. प्लॅस्टरच्या जुन्या पट्ट्यांचा दगड झाला होता. सलूनदादा पळत जाऊन औषधांच्या दुकानातून नव्या घेऊन आले.

“सात वर्षं झाली तुला हाताने माप घेऊन,” धाकटी म्हणाली.

“म्हणूनच तर. बस इथे, मोजा काढ.”

दिवे लागायची वेळ झाली होती. धाकटी खुर्चीवर बसली, पाय पाण्याच्या बादलीजवळ. थोरलीने पायाच्या पुढच्या बाजूने दोरी सोडली, पट्ट्या ओल्या करून टाचेपासून गुंडाळत वर नेल्या, तळव्याखाली हात फिरवला. प्लॅस्टर गरम होत जातं, ते धाकटीला गुदगुल्या करत होतं आणि ती लहानपणी बाबांच्या हाताखाली हसायची तशी हसत होती. दोरीवरून सुरी चालवून थोरलीने साचा काढला. घाई झाली, टाच दबली. तिने तो टाकून दिला आणि पुन्हा पट्ट्या भिजवल्या. दुसरा साचा नीट आला असं वाटलं, पण तिने तो धाकटीच्या जुन्या बुटाशी लावून बघितला तेव्हा अंगठ्याशी जरा सैल. तिसऱ्या वेळी तिने घाई केली नाही. हात आपोआप चालले. साचा बुटात असा बसला की धाकटीला तो ओढून काढावा लागला.

“बाबांचाच हात आहे तुझा,” धाकटी म्हणाली. थोरलीने बादलीत हात बुडवले आणि नखातलं प्लॅस्टर काढत बसली.

डबा आणि राउटर दोघींनी मिळून पुन्हा वर नेऊन ठेवले. जेवायच्या आधी थोरलीने धाकटीकडून डब्यातली यादी कशी उघडायची, तारीख कुठे असते, लाल अक्षरं कुठे येतात, ते तीनदा करून घेतलं आणि वहीत क्रमाने लिहून काढलं. मग टपालबाईंना फोन केला. माझ्याकडून चूक झाली, तुमचं माप गेलं, असं सरळ सांगितलं. टपालबाई म्हणाल्या, म्हणजे पुन्हा उतरू का मी?

“नाही. मी सकाळी येते. बादलीभर कोमट पाणी आणि एक खुर्ची, एवढंच लागेल.”

“एक्क्याण्णव आहेत बरं का. मध्ये बसायला कुठे ओटा नाही.”

“बसत बसत येईन,” थोरली म्हणाली.

सकाळी प्रार्थना आटोपून तिने पिशवी भरली. कोरड्या पट्ट्या प्लॅस्टिकमध्ये, चकत्या दोरीने बांधून, कागदाची गुंडाळी काखेत. धाकटी उठून दारापर्यंत आली, मी पण येऊ का म्हणाली. थोरलीने तिला सांगितलं की काका संध्याकाळी येईपर्यंत मशीनला कुणी हात लावणार नाही एवढं बघ. सलूनदादा दुकानाचं शटर वर करत होते; त्यांनी पिशवी बसपर्यंत पोचवतो म्हटलं, तिने मान हलवून नको म्हटलं.

बसने रस्ता संपतो तिथे सोडलं. पायऱ्या दगडी होत्या, मधोमध झिजलेल्या, दोन्ही बाजूंनी घरांच्या भिंती. वरच्या कुठल्याशा खिडकीत कुणी गज धरून उभं होतं की काय, ते इथून दिसत नव्हतं. थोरलीने पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली, पदर खोचला, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.